रॉकेट स्वस्त झालं, त्यानं माणसाचं भलं होणार का?

तेरणाकाठ (धाराशिव)
नमस्कार मंडळी. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकसोबत (अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीची उपग्रहावरून इंटरनेट द्यायची सेवा) इरादापत्रावर सह्या केल्या, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपलं धाराशिव अशी नावं होती. तेव्हापासून आमच्या गावात पारावर एकच विषय, आता इंटरनेट आभाळातून येणार. मला त्या इंटरनेटपेक्षा त्यामागची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हे शक्य झालं कारण वर सामान पाठवायचा खर्च पार खाली आला. अमेरिकेचं स्पेस शटल होतं तेव्हा एक किलो वर न्यायला साधारण ५४,५०० डॉलर पडायचे, त्याच स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटनं तेच २,७०० डॉलरच्या आसपास आणलं. म्हणजे वीस पट स्वस्त, आणि पुढं अजून उतरणार म्हणतात.

माझा प्रश्न सरळ आहे. हे एकूण मानवजातीसाठी चांगलं आहे का? मानवजात म्हणजे अमेरिका-युरोप एवढंच नाही, आपण पण त्यात आलो. माझं मत सध्या "चांगलं आहे" असं आहे, पण ते ठाम करता येईना. तुम्ही लोक लिहा, विशेषतः ज्यांचा शेतीशी किंवा ह्या क्षेत्राशी संबंध आहे त्यांनी.

मोंढा_नांदेड
किलोमागं वीस पट स्वस्त! दिवाळीत पुण्याहून नांदेडला येणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यांना कुणीतरी ही बातमी पाठवा रे 😀

आकाशवेडा (संभाजीनगर)
चांगला धागा. थोडी माहिती भरतो म्हणजे चर्चा नीट होईल.

स्वस्त का झालं तर मुख्य कारण बूस्टर परत वापरणं. बूस्टर म्हणजे रॉकेटचा पहिला टप्पा, तोच सगळ्यात महागडा भाग, त्यातली इंजिनं. आधी तो समुद्रात जायचा. डिसेंबर २०१५ मध्ये उपग्रह सोडून आलेला फाल्कन ९ चा बूस्टर पहिल्यांदा उभा उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला. ऑक्टोबर २०२४ ला तर त्यांच्याच स्टारशिप ह्या मोठ्या रॉकेटचा बूस्टर परत येताना टॉवरच्या हातांनीच पकडला, तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल सांगता येत नाही. इंधनाचा खर्च एकूण खर्चात अगदी थोडा असतो, त्यामुळं यंत्र परत आलं की पैसा वाचतो.

दुसरं कारण संख्या. २०२४ साली एकट्या स्पेसएक्सनं १३० हून जास्त उड्डाणं केली, त्याच वर्षी आपल्या इस्रोची ५ झाली. इस्रो स्वस्तात करते हे खरंच आहे, मंगळयान ४५० कोटीत, चांद्रयान-३ साधारण ६१५ कोटीत. पण मोहीम स्वस्त असणं वेगळं आणि वर जायचा दर स्वस्त असणं वेगळं. आपला ४,७०० किलोचा जीसॅट-२० उपग्रह नोव्हेंबर २०२४ ला फाल्कनवरूनच पाठवावा लागला, कारण तेवढं वजन त्या कक्षेत नेणारं रॉकेट आपल्याकडं नव्हतं.

माझं मत: नक्कीच चांगलं. एखादी गोष्ट स्वस्त झाली की ती चार-दोन देशांची मक्तेदारी राहत नाही. आज कॉलेजची पोरं स्वतः बनवलेला छोटा उपग्रह इतरांच्या सोबत वर पाठवू शकतात.

गुरुजी_माजलगाव
तेरणाकाठ, प्रश्न चांगला विचारलात, पण माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

मी ७२ चा दुष्काळ बघितलेला माणूस आहे. शाळेत होतो. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे, आम्हाला सुकडी मिळायची आणि मिलोच्या लाल भाकरी. त्यावेळी माणूस चंद्रावर जाऊन आलेला होता. पुढं २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आपलं यान मंगळाभोवती फिरत होतं. मी विज्ञान शिकवलंय, मी विज्ञानाच्या विरोधात नाही. पण वर जायचा खर्च कमी झाला म्हणून खालचा कुठला खर्च कमी झाला ते मला कुणीतरी दाखवा. बोअर आठशे फुटावर गेलेत. आमच्या भागात ऊसतोडीला जाणारी लेकरं दरवर्षी दिवाळीनंतर शाळेतून गायब होतात. ही अक्कल, हा पैसा, ही जिद्द खाली का लागत नाही?

शिवानी_लातूर
गुरुजी आदरानं सांगते, पण "आधी हे करा मग ते करा" असं म्हटलं तर काहीच होणार नाही. मी बारावीला आहे, मला एरोस्पेसला जायचंय. आमच्या क्लासमधे सगळे मेडिकल नाहीतर कॉम्प्युटर. घरी सांगितलं तर म्हणाले ह्यात नोकरी कुठंय. आता नोव्हेंबर २०२२ मधे हैदराबादच्या स्कायरूट कंपनीनं विक्रम-एस रॉकेट उडवलं, २०२४ ला चेन्नईच्या अग्निकुलनं स्वतःचं थ्रीडी प्रिंटेड इंजिन उडवलं. म्हणजे इस्रोत नंबर नाही लागला तरी रस्ता आहे. हे स्वस्त होण्यामुळंच झालं ना?

सीमाभाग_उदगीर
गुरुजींना एक जुनी गोष्ट सांगावी वाटते. माझं आजोळ गुलबर्गा जिल्ह्यात. १९७५-७६ साली तिथं साइट नावाचा प्रयोग झाला होता. अमेरिकेनं आपला एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी दिला आणि सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही आला, दिल्ली-मुंबईसारखी मोजकी शहरं सोडली तर टीव्ही कुणी बघितलेलाही नव्हता तेव्हा. कर्नाटकात गुलबर्गा, रायचूर, विजापूर हे जिल्हे होते. मामा सांगायचे, शाळेवर कोंबड्यांच्या जाळीची दहा फुटी छत्री बसवली होती. सकाळी पोरांचे कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, जनावरांचे आजार. आख्खं गाव खाली बसून बघायचं.

ही विक्रम साराभाईंची कल्पना होती, त्यांनी ती बघितली नाही, ते १९७१ लाच गेले. पण त्यांचा आग्रहच असा होता की आपल्याला चंद्राची शर्यत खेळायची नाही, ही विद्या सामान्य माणसाच्या अडचणीला लावायची. म्हणून अंतराळ आणि पाझर तलाव हे एकमेकांसमोर उभं करू नये असं मला वाटतं.

(आमचं उदगीर मात्र त्यात नव्हतं. महाराष्ट्रच नव्हता. शिवेच्या पलीकडं टीव्ही आणि अलीकडं आम्ही तसेच.)

गुरुजी_माजलगाव
@सीमाभाग_उदगीर, हे मला माहीत आहे आणि साराभाईंबद्दल मला नितांत आदर आहे. पण तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. तो प्रयोग चांगला का झाला? उपग्रह स्वस्त होता म्हणून नाही, तो तर उसना होता. खेड्यासाठी कार्यक्रम कुणीतरी मनापासून बनवले म्हणून.

अश्विनी_प (मूळ परभणी, सध्या हैदराबाद)
मी रिमोट सेन्सिंगमध्ये, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करायच्या क्षेत्रात काम करते, म्हणून जरा लांब लिहिणार, सांभाळून घ्या.

गुरुजींनी विचारलं खालचा कुठला खर्च कमी झाला. एक उदाहरण चक्रीवादळाचं. १९९९ ला ओडिशात जे महाचक्रीवादळ आलं त्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं, ताकदीनं फार कमी नव्हतं, गेली पन्नासच्या आत. कारण लाखो लोकांना आधीच हलवलं. हलवणारी माणसं जमिनीवरचीच, निवारेही जमिनीवर बांधलेले, पण वादळ कुठं धडकणार हे उपग्रहानं दिसत होतं म्हणून त्यांना वेळ मिळाला. दोन्ही लागतं.

आता शेतीचं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचं एक चित्र २००८ च्या आधी साधारण ६०० डॉलरला मिळायचं. मग त्यांनी सगळा साठा फुकट केला आणि जगभर वापर प्रचंड वाढला. नंतर युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचा डेटाही पहिल्यापासून मोफत. सेंटिनेल-२ दर पाच दिवसाला येतो, त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर. आपल्या हिशोबानं जवळजवळ बरोबर एक गुंठा. म्हणजे एकराला चाळीस ठिपके. जगातल्या कुणालाही आपलं वावर गुंठ्या-गुंठ्यानं बघता येतं आणि एक रुपया लागत नाही. हे मला अजूनही भारी वाटतं.

पण बघा, हे फुकट झालं ते रॉकेट स्वस्त झाल्यामुळं नाही. सरकारांनी ठरवलं म्हणून. उलट स्वस्त रॉकेटमुळं जे शेकडो छोटे खासगी उपग्रह वर गेलेत त्यांची चित्रं विकत घ्यावी लागतात. ती रोजची असतात आणि जास्त बारीकही, पण ती परवडतात विमा कंपन्यांना, धान्याच्या मोठ्या व्यापाऱ्यांना. सोयाबीन किती पिकणार हे मोंढ्यात माल यायच्या आधी ज्याला कळतं तो भाव पाडू शकतो. म्हणून "स्वस्त झालं, चांगलं झालं" इथं मी थांबत नाही. स्वस्त कुणाला झालं हे विचारते.

वावरातला_माणूस (रेणापूर)
अश्विनीताई बरं झालं तुम्ही भेटलाव. लई दिवसाचं मनात हाय ते बोलतो.

आमच्याकडं मागं एका साली सप्टेंबरला असा पाऊस पडला की सोयाबीन पाण्यात उभं. शेंगाला कोंब फुटले. महसूल मंडळात पर्जन्यमापक एकच, ते आमच्या शिवारापासनं लई लांब, तिथं त्या दिवशी ६५ मिलिमीटर भरला नाही म्हणून अतिवृष्टी नाही. आमच्या ओढ्यानं बांध फोडला ते कुणी मोजलं नाही. विमा कंपनीचा माणूस पंचनाम्याला आला नाही, नंतर सांगतेत की उपग्रहाच्या फोटूत तुमचं पीक हिरवं दिसायलंय. अहो हिरवं दिसणारच की! सोयाबीन मेलं आणि त्यात गवत माजलं, ते हिरवं होतं. आभाळातून गवत आणि सोयाबीन कसं कळणार? तेव्हापासनं उपग्रह म्हणलं की माझं डोकं फिरतंय. शेतकऱ्याला तो फोटू बघायला बी मिळत नाही, निस्तं सांगतेत.

मोंढा_नांदेड
+१ हे प्रत्येक गावात झालंय. आणि २०२५ च्या खरिपापासून तर नुकसान कळवायची ती ७२ तासांची भानगडच काढून टाकली, आता सगळं मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. माझं एकट्याचं वाहून गेलं तर सरासरीत कुठं दिसणार.

अश्विनी_प
@वावरातला_माणूस दादा, तुमचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे. झाडाच्या हिरवेपणाचा जो आकडा काढतात, एनडीव्हीआय म्हणतात त्याला, तो फक्त हिरवं किती एवढं सांगतो. तण आहे का पीक हे तो एकटा सांगू शकत नाही. शेंगा भरल्यात का रिकाम्या हे तर नाहीच. पिवळा मोझॅक रोग उशिरा आला तर पान पिवळं होईपर्यंत उत्पन्न गेलेलं असतं. म्हणून जमिनीवर जाऊन पडताळा घ्यावाच लागतो, आणि पैसे वाचवायला लोक नेमकं तेच टाळतात. पीक कापणी प्रयोगासोबत आता उपग्रहाच्या अंदाजालाही वजन देतात, ते चुकीचं नाही, पण गावागावाचा पडताळा नसेल तर चुकीचं होतं.

दुसरी अडचण ढगांची. खरिपात जेव्हा बघायची गरज असते तेव्हाच आपल्याकडं ढग. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक आठवडे काही दिसत नाही. त्याला उपाय रडारचे उपग्रह, ते ढगातून आणि रात्रीही बघतात. पाणी साचलेलं रान त्यात काळं दिसतं, त्यामुळं पूर ओळखायला सगळ्यात चांगले. आपला असा रिसॅट-१ २०१२ ला वर गेला, ईओएस-०४ २०२२ ला. मे २०२५ मध्ये ईओएस-०९ पाठवला तो पीएसएलव्ही रॉकेट फसल्यामुळं वाया गेला. आणि इथं मला स्वस्त उड्डाणांचं महत्त्व पटतं. आपल्याकडं वर्षाला चार-पाच उड्डाणं, त्यातलं एक गेलं की त्या कामाचा उपग्रह परत बनून परत नंबर लागेपर्यंत वर्षं जातात, तेवढे खरीप जातात. जिथं आठवड्याला दोन रॉकेटं जातात तिथं एक फसणं झेपतं.

जुलै २०२५ ला नासा आणि इस्रोचा निसार हा रडारचा उपग्रह वर गेला. तो दर १२ दिवसांनी तीच जमीन बघतो, ओलावा, जमिनीचं खचणं हे कळतं. त्याचा डेटा खुला ठेवायचं धोरण आहे. माझ्या मते मराठवाड्यासाठी ह्याच्याएवढा उपयोगाचा उपग्रह आजवर गेला नाही.

तेरणाकाठ
अश्विनीताई, तो पर्जन्यमापकाचा प्रश्न उपग्रहानं सुटतो का? मंडळाला एकच असतो हीच सगळ्यांची तक्रार आहे.

अश्विनी_प
पूर्ण नाही. पावसासाठी जीपीएम म्हणून उपग्रह आहे, २०१४ पासून, इतर उपग्रहांशी जोडून अर्ध्या तासाला जगाचा पाऊस देतात. पण त्याचा एक चौकोन साधारण दहा किलोमीटरचा. आपला ढगफुटीसारखा पाऊस दोन गावात पडतो आणि तिसऱ्यात नाही. तिथं जमिनीवरचं रडार आणि गावोगाव पर्जन्यमापक हेच खरं. पर्जन्यमापक काही महाग वस्तू नाही.

गुरुजी_माजलगाव
हेच! हेच मी म्हणत होतो. गावागावात पर्जन्यमापक लावायला रॉकेट लागत नाही.

पूर्णामाय (हिंगोली)
आभाळातल्या विजेचं पण तसंच. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेनं वीज पडायचा इशारा देणारं दामिनी ॲप काढलं ते जमिनीवरच्या सेन्सरवर चालतं. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं जातात, जनावरं जातात. आमच्या गावात सरपंचानं ते ॲप सगळ्यांना टाकायला लावलं.

बाकी आमच्या औंढा नागनाथला लायगो वेधशाळा होतीय, एप्रिल २०२३ ला केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहरी पकडणार आहेत, तेही जमिनीवरच बसून. त्यामुळं विश्व समजून घ्यायला वर जावंच लागतं असं नाही हे आम्ही हिंगोलीकर छाती ठोकून सांगू 🙂

मोंढा_नांदेड
पूर्णामाय, औंढ्याला जमिनीचे भाव कितीला गेले?

पूर्णामाय
ते नका विचारू दादा. मंजुरीची बातमी यायच्या आधीच प्लॉटिंगवाले आले होते.

जालन्याचा_वकील
आतापर्यंत कुणी कचऱ्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशात जळत्या रेषा गेल्या, विदर्भात कित्येकांनी व्हिडिओ काढले. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात मोठी धातूची कडी पडलेली सापडली, जवळच पवनपारला गोळा. चिनी लाँग मार्च रॉकेटचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. नशीब कुणाच्या घरावर पडली नाही. १९७२ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, अंतराळातून पडलेल्या वस्तूनं जमिनीवर नुकसान झालं तर सोडणारा देश पूर्ण जबाबदार, चूक सिद्ध करायची गरज नाही. १९७८ ला सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४ उपग्रह अणुभट्टीसकट कॅनडात पडला, कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले, शेवटी तीस लाखांवर तडजोड झाली. एवढ्या मोठ्या देशाला अर्धेच मिळाले. लाडबोरीतल्या माणसाची गाय जरी मेली असती तर त्यानं दावा कुणावर आणि कुठं करायचा? त्या कराराखाली तो थेट करूच शकत नाही, देशानं देशावर करायचा असतो.

वरचा कचरा तर त्याहून अवघड. २००७ ला चीननं स्वतःचाच उपग्रह फोडला त्याचे ३,००० पेक्षा जास्त तुकडे मोजले गेले. २००९ ला अमेरिकेचा इरिडियम आणि रशियाचा एक मेलेला उपग्रह एकमेकांवर आदळले. आपणही मार्च २०१९ ला मिशन शक्तीत एक फोडला, तो खालच्या कक्षेत होता म्हणून बहुतेक तुकडे लवकर जळाले, पण सगळे लगेच नाही. नासाच्या केसलरनं १९७८ लाच सांगितलं होतं की गर्दी एका मर्यादेपलीकडं गेली की तुकड्यातून तुकडे होत राहतील आणि ती कक्षाच वापरता येणार नाही. आता वर जाणं स्वस्त म्हणजे गर्दी वाढणार. पण वरून साफ करणं स्वस्त झालेलं नाही, ते कुणाच्या बिलातही नाही. मूळ अंतराळ करार १९६७ चा, तेव्हा खासगी कंपनी हजारो उपग्रह सोडेल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

आकाशवेडा
वकीलसाहेब मुद्दा मान्य. फक्त एक बाजू सांगतो, स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर किंवा त्याहून खाली असतात, तिथं बंद पडलेला उपग्रह हवेच्या घर्षणानं काही वर्षांत आपोआप खाली येऊन जळतो. वरच्या कक्षेतले मात्र शतकानुशतकं राहतात.

पण जळतो म्हणजे संपतो असं नाही हेही खरं. २०२३ ला शास्त्रज्ञांनी विमानानं वरच्या हवेचे नमुने घेतले तर तिथल्या सूक्ष्म कणांपैकी जवळपास दहा टक्के कणांत रॉकेट-उपग्रहांतले धातू सापडले. ॲल्युमिनियमचा ओझोनवर काय परिणाम होईल ह्यावर काम चालू आहे. केरोसीनवर चालणाऱ्या रॉकेटची काजळीही थेट वरच्या थरात जाते, तिथं पाऊस नाही धुवून काढायला.

आणि माझं स्वतःचं दुःख म्हणजे आकाश. बालाघाटच्या डोंगरात अजून आकाशगंगा डोळ्यांनी दिसते, महाराष्ट्रात अशी ठिकाणं कमी राहिलीत. आम्ही येळवशीला, वेळ अमावस्येला, वनभोजन झाल्यावर मित्राच्या रानातच थांबतो दुर्बीण घेऊन. आता फोटोत रेषाच रेषा. मला हौस म्हणून त्रास होतो, पण मोठ्या वेधशाळांचं खरं नुकसान होतंय. तरीही माझं मत बदललेलं नाही, नियम करा, उपग्रह काळे रंगवा, पण थांबवू नका.

किल्लारी९३
मी इथं सहसा लिहीत नाही, वाचतो. एक विचारायचं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचं घर गेलं, घरातले गेले. मी आठ वर्षांचा होतो. एवढे उपग्रह झालेत तर भूकंप आधी कळेल अशी काही सोय आहे का? माझी लेक विचारते, मला उत्तर देता येत नाही.

अश्विनी_प
दादा, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

खरं सांगते. भूकंप अमुक दिवशी होणार हे आज जगात कुणीच सांगू शकत नाही, कुठलाही उपग्रह नाही. कुणी सांगतो म्हटलं तर विश्वास ठेवू नका. जे होतं ते असं: जमीन किती सरकली हे रडारच्या दोन चित्रांतून सेंटिमीटरमध्ये मोजता येतं. कॅलिफोर्नियाच्या एका भूकंपाचं असं पहिलं चित्र १९९३ च्या जुलैमध्येच प्रसिद्ध झालं होतं, किल्लारीच्या तीन महिने आधी. आपली पहिली पीएसएलव्ही उडाली ती २० सप्टेंबर १९९३, किल्लारीच्या दहा दिवस आधी, आणि ती फसली. त्या काळात आपल्याकडं काय होतं आणि आज काय आहे ह्यात खूप फरक पडलाय. आज असं काही झालं तर कुठल्या गावात किती घरं पडली हे उपग्रहाच्या चित्रावरून एक-दोन दिवसात कळू शकतं, फोनचे टॉवर पडले तरी उपग्रहावरून संपर्क करता येतो. मदत पोचायला लागणारा वेळ कमी होतो. लेकीला सांगा, भूकंप सांगता येत नाही, पण घर असं बांधता येतं की ते सहजासहजी पडणार नाही. ते तुमच्याच भागात पुनर्वसनात बांधून दाखवलंय.

किल्लारी९३
धन्यवाद ताई. तिला वाचून दाखवतो.

गुरुजी_माजलगाव
किल्लारीकर, आम्ही तेव्हा शिक्षकांची तुकडी घेऊन लामजन्याला आलो होतो. तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा.

शिवानी_लातूर
मला स्टारलिंकबद्दल विचारायचंय. माझी मावशी भूम तालुक्यात राहते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात तीन दिवस त्यांच्याशी फोन लागला नाही, घरात सगळे रडत होते. तेव्हा असं काही असतं तर?

तेरणाकाठ
शिवानी, ते दिवस आम्ही पण काढलेत. भूम-परंड्यात हेलिकॉप्टरनं माणसं काढली. तहसील, दवाखाना, शाळा अशा जागी उपग्रहाचं कनेक्शन असावं असं माझं पक्कं मत त्यानंतरच झालं.

जालन्याचा_वकील
असावं, पण एकाच कंपनीवर सगळं नको. आज पृथ्वीभोवती जेवढे चालू उपग्रह आहेत त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या स्पेसएक्सचे आहेत. रॉकेट तिचंच, उपग्रह तिचेच, दर तीच ठरवणार. उद्या बंद केलं तर कलेक्टर काय करणार? आणि गावापर्यंत सरकारच्या भारतनेट योजनेची इंटरनेटची फायबर आलेली आहे, ग्रामपंचायतीत डबा भिंतीला लटकलाय, चालू करायला माणूस नाही. ती आधी चालू करा, ते स्वस्त पडेल. उपग्रह हा फायबर तुटल्यावरचा दुसरा रस्ता म्हणून ठेवा.

मोंढा_नांदेड
आमच्या ग्रामपंचायतीत त्या डब्यात चिमणीनं घरटं केलंय. खोटं नाही, फोटो टाकू का?

तेरणाकाठ
सगळ्यांचं वाचून आता माझं उत्तर लिहितो, कारण प्रश्न मीच विचारला होता.

मला अजूनही हे चांगलंच वाटतं. पण सुरुवातीला मी किलोचा दर बघून म्हणत होतो, आता दराकडं बघत नाही. साइट प्रयोगात उपग्रह उसना होता आणि खेड्याचा फायदा झाला, आमच्या काळात उपग्रह ढीगभर आणि रेणापूरच्या दादाला त्याच्याच वावराचा फोटो दाखवत नाहीत. ज्या चित्रावरून शेतकऱ्याचा दावा फेटाळला ते चित्र त्याला दाखवणं कायद्यानं बंधनकारक पाहिजे. ही मागणी मला ह्या धाग्यातली सगळ्यात मोठी वाटते. त्याबरोबर जो वर पाठवतो त्यानं खाली आणायचा खर्च आधीच भरावा, हे वकीलसाहेबांचं. गुरुजींचा पर्जन्यमापकही गावोगाव पाहिजेच, त्यावाचून उपग्रहाचा पडताळा होत नाही हे अश्विनीताईंनी सांगितलंच.

गुरुजी_माजलगाव
तुमची मागणी मला मान्य. तुमचा निष्कर्ष नाही. ऊसतोडीच्या लेकरांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

वावरातला_माणूस
अश्विनीताई, ते फुकट फोटू म्हणलाव ते मला मोबाईलवर बघता येतेत का? मागच्या सप्टेंबरचे बी निघतेत का?

अश्विनी_प
निघतात दादा. कोपर्निकस ब्राउझर म्हणून वेबसाइट आहे, बघायला पैसे लागत नाहीत. मोबाईलवर किचकट होतं, कॉम्प्युटर असेल तर बरं. गाव शोधा, आपल्या वावरावर झूम करा, वर तारीख निवडा. ढगाळ दिवसांत सेंटिनेल-२ मध्ये पांढरंच दिसेल, तेव्हा सेंटिनेल-१ निवडा, तो रडारचा आहे. पावसाच्या आधीची एक तारीख आणि नंतरची एक अशी दोन चित्रं शेजारी ठेवा. साचलेलं पाणी काळं दिसेल. पाणी ओसरल्यावरच उपग्रह वरून गेला असेल तर मात्र काही दिसणार नाही, त्यामुळं नाही दिसलं म्हणजे नुकसान नाही असा अर्थ काढू नका. मोबाईलमधले त्या दिवशीचे फोटोही जपून ठेवा, लोकेशन चालू ठेवून काढलेले असतील तर उत्तम.

वावरातला_माणूस
पोरगा पॉलिटेक्निकला हाय, त्याला बसवतो रविवारी.

जालन्याचा_वकील
चित्रं निघाली की तारखेसकट प्रिंट काढा, सातबारा जोडा आणि तालुका तक्रार निवारण समितीकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका. कंपनीनं कुठल्या तारखेचं चित्र वापरलं ते माहिती अधिकारात कृषी विभागाला विचारा. अर्जाचा मसुदा मी करून देतो. ज्यांना पाहिजे त्यांनी गाव आणि गट नंबर मला वैयक्तिक निरोपात पाठवा, इथं उघड्यावर टाकू नका.